जुन्या सुरीची नवी मूठ : एक परीक्षण

पोथ्या चाळण्यांत व त्यांवर अभिप्राय लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें. शस्त्रांविषयीं लिहिण्याचा अधिकार आमचा नव्हे. तरी हें टिपण लिहिणें भाग पडत आहे. ज्या वस्तूचें परीक्षण येथें करावयाचें आहे, तिच्याविषयीं एक चुकीचा अभिप्राय आमच्याच हातून पूर्वीं दिला गेला, आणि तो एका घराण्याच्या कुलवृत्तांतांत छापूनही निघाला. तो मागें घेणें हा या लेखाचा पहिला हेतु होय.

वस्तु अशी. येथें विश्रामबागेंत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं कर्द जातीची एक सुरी आहे. पातें सरळ व एकधारी, सुमारें दीड वीत लांब, पाठ जाड, टोंक निमुळतें. पोलादांतील जोहराच्या लाटा अद्यापि अंधुक दिसतात. या जातीच्या सुरीचें पातें मुठीपाशीं संपत नाहीं; तेंच पुढें पट्टीच्या रूपानें मुठीच्या शेवटापर्यंत जातें, व त्या पट्टीच्या दोन्ही अंगांस हाडाच्या, शिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या फळ्या बसवितात. दोन फळ्यांच्या मध्यें पट्टीची कड उघडी राहते, आणि सोन्याच्या तारेची नक्षी किंवा अक्षरें घालावयाचीं झालीं तर त्यास ही कड सोईची असते. अमरसिंहानें सुरीस असिपुत्री व असिधेनुका हीं नांवें दिलीं आहेत आणि मुठीस त्सरु हा निराळा शब्द दिला आहे. शब्द निराळे असले तरी या सुरींत मूठ आणि पातें यांचें हाड एकच असतें, हें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

सहा वर्षांपूर्वीं स्नेह्यांनीं ही सुरी आमच्या हातीं दिली. घरांतील समजूत अशी कीं, पटवर्धनांच्या चाकरींत असलेल्या पूर्वजाकडून ती चालत आली. मुठीच्या पिवळट फळ्या, शेवटीं किंचित् वळलेला त्यांचा आकार आणि सांध्यांत बसलेला काळा मळ पाहून आम्हीं लिहिलें कीं मूठ व पातें समकालीन असून दोन्ही उत्तर पेशवाईंतील असावींत. पट्टीवर लेख नाहीं, असेंही वर ठासून लिहिलें.

गेल्या वर्षीं खंडेनवमीच्या सुमारास त्यांच्या माळ्यावरील पेटींत एक जुनें छायाचित्र सांपडलें. पाटावर शस्त्रें मांडून पूजा चालली आहे, आणि फुलांच्या मध्यें हीच सुरी आहे. परंतु मूठ काळी, सरळ, बहुधा म्हशीच्या शिंगाची, आणि तिच्या एका फळीचा कोपरा उडालेला! चौकशीअंतीं कळलें कीं स्नेह्यांच्या वडील बंधूंनीं, जे आतां हयात नाहींत, वीस-बावीस वर्षांपूर्वीं ही मूठ बदलून घेतली होती. ज्यांनीं ती बसविली ते वृद्ध गृहस्थ भेटले. सुऱ्या-कात्र्यांस धार लावण्याचा त्यांचा धंदा. पट्टीच्या कडेवर कांहीं होतें काय, असें विचारतां ते सरळपणें म्हणाले, "होतं गुरुजी, पिवळ्या तारेचं काहीतरी. फळी नीट बसेना, म्हणून कानस मारली."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. नक्षी गेली कीं नांव गेलें, हें आतां कोणीं सांगावें?

कारागिरी म्हणून पाहिलें तर या कामास नांव ठेवण्यास जागा नाहीं. फळ्या उंटाच्या हाडाच्या आहेत. हस्तिदंताचा व्यापार कायद्यानें बंद असल्यामुळें हल्लीं हेंच हाड पुष्कळ वापरतात. लोखंड आणि हाड यांच्या मध्यें केंसही शिरणार नाहीं इतका सांधा चोख. चहाच्या पाण्यांत उकळून, धूर देऊन आणलेला रंग आमच्यासारख्यास फसविण्याइतका उत्तम. दोष येथेंच आहे. मुठीचा वळलेला आकार कारागिरानें एका छापील चित्रावरून घेतला. समोर पडलेल्या मोडक्या मुठीवरून घेतला नाहीं. खंडित पोथींतील पान भरतांना लेखकानें समोरचा तुकडा टाकून दुसऱ्या ग्रंथांतील सुंदर श्लोक लिहावा, आणि कागदास हळद लावून तो जुना करावा, तसें हें झालें.

कोणी म्हणेल, आपल्याकडे मुठी नेहमींच बदलत आल्या. हें खरें आहे. मराठ्यांची फिरंग म्हणजे युरोपांतून आलेलें पातें आणि त्यावर बसविलेली देशी मूठ. १८७५-७६ च्या दौऱ्यांत इंग्लंडच्या युवराजास कोल्हापूरकडून गेलेली जी तरवार जगदंबा म्हणून प्रसिद्ध आहे, तिचेंही पातें युरोपीय असून त्यावर रोमन अक्षरांचे शिक्के आहेत; मूठ देशी, सोन्याच्या कामाची व रत्नें जडविलेली. तिला कोणी खोटी म्हणत नाहीं, आणि म्हणूंही नये. तेथें नवी मूठ आपण देशी असल्याचें उघड सांगते. पात्यानेंही आपले शिक्के लपविलेले नाहींत. तरवारीच्या पोकळ मुठींत पात्याचें शेपूट लाखेनें किंवा राळेनें बसवीत. ऊब दिली कीं तें सुटे. जोडणें आणि सोडविणें या दोन्ही गोष्टी त्या विद्येंत होत्या.

ती विद्या आमच्या शेजारींच नांदत होती. मिरजेचे शिकलगार शस्त्रें घडविणारे व उजळणारे. शस्त्रांची मागणी सरली तेव्हां, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, ते सतार व तंबोरा यांच्या कामाकडे वळले. फरीदसाहेबांचें नांव त्या संबंधांत आजही आदरानें घेतलें जातें. मिरजेच्या तंबोऱ्यानें कीर्ति मिळविली, हें आपलें भाग्य. परंतु तो हात भोपळ्याकडे गेला आणि जुन्या सुऱ्या ज्याच्या त्याच्या कानशीकडे गेल्या.

व्याकरणांत आदेश आणि आगम असा भेद आहे. आदेश शत्रूप्रमाणें येतो, पूर्वीच्यास उठवून त्याच्या जागीं बसतो; आगम मित्राप्रमाणें शेजारीं येऊन बसतो. विद्यार्थ्यांस हें शिकवितांना आम्ही पुढें एक गोष्ट सांगत असूं, ती येथें फार उपयोगी आहे. पाणिनीच्या मतें आदेश हा स्थानीसारखा मानावा, परंतु जेथें कार्य प्रत्यक्ष वर्णावर अवलंबून आहे तेथें मानूं नये. नवी मूठ हातांत धरावयास जुनीसारखी खुशाल मानावी. परंतु काल ठरवावयाचा, लेख वाचावयाचा, तेथें ती जुनी नव्हे. आम्हीं ही सूत्रें तीस वर्षें शिकविलीं आणि सुरी हातांत येतांच विसरलों.

आगमाचें उदाहरण सातारकरांच्या ताजें स्मरणांत असेल. जुलै २०२४ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया आणि ॲल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें साताऱ्याच्या संग्रहालयांत कांहीं काळासाठीं आलीं. ग्रँट डफच्या हातीं तीं साताऱ्यास आलीं. त्यानें स्कॉटलंडमध्यें त्यांस पेटी करविली, व तीं शिवाजीचीं म्हणून कोणीं दिलीं हें पेटीवर लिहविलें. तो लेख खरा कीं खोटा याची खात्री करतां येत नाहीं, असें खुद्द तें संग्रहालयच म्हणतें. परंतु पेटीनें नखांस कानस लावली नाहीं. वाद घालावयास वस्तु शिल्लक आहे.

पुण्यास भांडारकर संस्थेंत सुखटणकरांनीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ ओढण्याची पद्धत घातली. मुठीसही अशी रेघ हवी. मूठ घालूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. उघडी पट्टी गंजते व हातास लागते. परंतु जुनींच भोंकें वापरावींत, नवीं पाडूं नयेत. हल्लींचा न सुटणारा डिंक न लावतां लाख वापरावी. फळीच्या आंतल्या अंगास साल कोरावें, आणि मोडकी मूठ टाकून देऊं नये. सर्वांआधीं पट्टीचा ठसा घ्यावा. त्यास कागद व शिसपेन्सील पुरे होते. संग्राहकांनींही थोडें स्वतःकडे पाहावें. मोडक्या मुठीच्या सुरीस बाजारांत किंमत येत नाहीं, म्हणून ती अखंड करण्याची घाई होते. पोथ्यांच्या बांधणींत समासावरील टिपा कापून टाकणारे आम्हींच, तेव्हां लोहाराकडे बोट कशास दाखवावें?

आतां ही नवी मूठ काढावी काय, असें स्नेही विचारतात. आमचें मत, काढूं नये. डिंक पक्का आहे. ओढाताणींत पट्टी वांकेल. कुलवृत्तांताच्या शिल्लक प्रतींत शुद्धिपत्र चिकटविण्याचें त्यांनीं मान्य केलें असून छायाचित्राची प्रत सुरीबरोबर ठेविली आहे. दरम्यान त्यांच्या वहिनींच्या शिवणाच्या डब्यांत जुन्या मुठीची एक काळी फळी मिळाली. कोपरा उडालेली तीच. तिचीं दोन भोंकें नव्या खिळ्यांच्या अंतराशीं जुळतात, म्हणजे निदान भोंकें तरी जुनींच राहिलीं.

अशा जातीच्या सुरीच्या पट्टीवर तारेचें काम ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याचा ठसा मंडळाकडे पाठवावा. कडेवरील लेखांची एक यादी करण्याचा विचार आहे.