‘वाहक’ म्हटले की काय सुटते? लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बीची चिकित्सा

लिपिड-आधारित औषधरचनांवरच्या बहुतेक टिपणांत पहिले वाक्य ठरलेले असते: लिपोसोम हा औषधाचा वाहक आहे. वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. वाहक म्हटले की मालगाडी डोळ्यांसमोर येते. गाडी बदलली तरी माल तोच. ही समजूत एका उदाहरणावर तपासून पाहा.

जयपूरच्या चारदीवारीत, चौडा रास्त्यालगतच्या फिल्म कॉलनीत औषधांची घाऊक बाजारपेठ आहे. भिंतीबाहेर, दक्षिणेला सवाई मानसिंह रुग्णालय आहे. मे २०२१ मध्ये राजस्थान सरकारने म्युकरमायकोसिसला साथरोग घोषित केले. त्यावरचे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध १९५०च्या दशकातले. तरीही त्याच्या लिपोसोमल रूपाचा देशभर तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांमध्ये कुप्या वाटून द्याव्या लागल्या.

जुन्या औषधाचे नवे रूपच का हवे होते? हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जुन्या इंजेक्शनात तो डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या साहाय्याने पाण्यात राहतो. तो बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला घट्ट चिकटतो, पण आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉललाही काही प्रमाणात चिकटतो. त्यामुळे मूत्रपिंडाला इजा होते आणि मात्रा वाढवता येत नाही. लिपोसोमच्या थरात फॉस्फोलिपिडांसोबत कोलेस्टेरॉल असते. औषध तिथे धरून ठेवले जाते आणि मूत्रपिंडाची हानी कमी होते.

आता मात्रेचे गणित करा. जुने औषध साधारण १ मिग्रॅ प्रति किलो, लिपोसोमल ५ मिग्रॅ प्रति किलो. ६० किलोच्या रुग्णाला रोज ३०० मिग्रॅ, म्हणजे ५० मिग्रॅच्या ६ कुप्या लागतात, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. दोन रूपांची मात्रा एकच समजली, तर ती चूक जिवावर बेतू शकते.

उत्पादनाकडेही पाहा. शुद्ध लिपिडे, कणांचा ठरावीक आकार आणि निर्जंतुक गाळण, यांतले काहीही सुटले की घाण्यातला माल वाया जातो. म्हणून मागणी वाढली तरी उत्पादन एका रात्रीत वाढत नाही.

भारतीय प्रयत्नही वाचा. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील बिमल कुमार बच्छावत यांच्या लिपोसोम संशोधनातून एक देशी रूप तयार झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चाचण्या केल्या. ते रुग्णाला देण्यापूर्वी ध्वनिलहरींनी हलवून घ्यावे लागे. रचनेतला एक निर्णय असा थेट परिचारिकेच्या हातात येतो.

म्हणून ‘वाहक’ हा शब्द वापरा, पण तिथे थांबू नका. प्रत्येक लिपिड-रचनेला चार प्रश्न विचारा: औषध कशाने धरले आहे? मात्रा किती बदलली? कोणती इजा टळली? आणि गरज पडेल तेव्हा ते रुग्णापर्यंत पोहोचेल का? चौथा प्रश्न टिपणांत क्वचितच असतो. मे २०२१ मध्ये जयपूरला भोवला तो नेमका हाच.