कोंबड्यांवरचा अपुरा प्रयोग

'सायन्स' साप्ताहिकात १९७३ साली बाकिर व सहकाऱ्यांचा इराकमधील मिथिल पाऱ्याच्या विषबाधेवरील निबंध प्रसिद्ध झाला. १९७१-७२ च्या हिवाळ्यात बुरशीनाशक लावलेले बियाणे लोकांनी दळून खाल्ले. ६५३० रुग्ण इस्पितळांत दाखल झाले, त्यांपैकी ४५९ दगावले. शरीरातील पारा आणि लक्षणे यांचा संबंध काटेकोरपणे मांडला आहे, हे या निबंधाचे बळ.

परंतु वर्गात सांगण्याजोगी गोष्ट त्यात ओझरतीच येते. काही शेतकऱ्यांनी ते धान्य आधी कोंबड्यांना व जनावरांना घातले होते. काही दिवसांत त्यांना काहीच झाले नाही, म्हणून मग घरात रोट्या भाजल्या गेल्या. मिथिल पारा मात्र शरीरात साठत जातो. लक्षणे कित्येक आठवड्यांनी दिसतात.

या शेतकऱ्यांना अडाणी म्हणणे आम्हाला पटत नाही. त्यांनी प्रयोगच केला. चुकली ती मुदत. निबंध आकड्यांकडे वळतो, या चुकीकडे शिक्षकांनीच वळायला हवे. 'पारा विषारी आहे' हे वाक्य पाठ करून घेण्याआधी विद्यार्थ्यांना विचारावे : खाद्य खाऊन जनावर ठणठणीत दिसते, एवढ्यावरून ते खाद्य निर्दोष ठरते का?