पहिला नंबर कुणाचा? रॉक-मेटलच्या याद्या आणि आपली मोजपट्टी

आजचा विषय वाचून बऱ्याच जणांनी आपापली यादी मनात तयार करूनच आणली असेल. रॉक आणि हेवी मेटलमधली सर्वश्रेष्ठ गाणी कोणती, असं विचारलं की एरवीची शांत माणसंही हमरीतुमरीवर येतात. नंबर आपणही लावणार आहोत. पण आधी मोजपट्टी ठरवू, कारण भांडण बहुतेक वेळा तिथेच असतं.

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकाचं उदाहरण घ्या. २००४ साली त्यांनी ५०० सर्वश्रेष्ठ गाण्यांची यादी छापली. पहिलं आलं बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’. २०२१ मध्ये पुन्हा मतं घेतली, तेव्हा अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ पहिलं आलं आणि डिलन चौथ्यावर गेला. आता गंमत बघा. दोन्ही गाणी साठच्या दशकातली. मधल्या १७ वर्षांत त्यांच्यातला एक सूरही बदललेला नाही. बदलले ते मत देणारे. म्हणजे अशी यादी गाण्यांबद्दल जेवढं सांगते, तेवढंच मतदारांबद्दलही सांगते.

मग मोजायचं कशाने? एक माप खपाचं. ब्लॅक सबाथचं ‘पॅरनॉइड’ १९७० साली ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बममध्ये थोडी जागा उरली होती, ती भरायला घाईघाईत केलेलं हे गाणं! खपाने काय विकलं गेलं ते कळतं, पण का टिकलं ते कळत नाही. दुसरं माप आठवणीचं, म्हणजे लोकांना काय प्रिय आहे त्याचं. ते खरं असतं, पण ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे बदलतं. आम्ही तिसरं माप सुचवतो: या गाण्यानंतर असं काय शक्य झालं, जे आधी नव्हतं?

या मापाने आमचा पहिला नंबर ‘पॅरनॉइड’चा नाही. तो त्याच बँडच्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याचा, ‘ब्लॅक सबाथ’चा. अल्बम फेब्रुवारी १९७० मधला. गाणं, बँड आणि अल्बम, तिघांचं नाव एकच. पाऊस, घंटा, आणि मग गिटारवर तीन सूर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. आपण म्हणू, तीव्र मध्यम तर आपल्याला यमनमधून रोज भेटतो, त्यात भीती कसली? बरोबर. पण यमनमध्ये त्याच्या आजूबाजूला गंधार असतो, पंचम असतो, खाली तानपुरा असतो. इथे त्याला कुणाचाच आधार नाही. तो एकटा थरथरत राहतो, आणि लय इतकी संथ की पुढचा सूर येईपर्यंत आपलाच जीव टांगणीला लागतो. या संथ, जड चालीतून पुढे ‘डूम मेटल’ नावाची एक अख्खी शाखा निघाली.

हा आवाज आला कुठून? गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा कामगार. कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, हलक्या तारा लावल्या. १९७१ च्या अल्बमपर्यंत तर तारा खालच्या सुरात उतरवल्या. आज जगभरचे मेटल बँड गिटार खाली उतरवून वाजवतात, त्यामागे ही अडचणीतून काढलेली वाट आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याचं गाणं. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, १९७५. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या शाळेत शिकला, म्हणून आपल्याकडे यादी निघाली की हे गाणं हमखास वर सरकतं. गाणं अफाट आहे, वादच नाही. बॅलड, ऑपेरा आणि हार्ड रॉक, सगळं सहा मिनिटांच्या आत. ब्रिटनमध्ये ते १९७५ मध्ये पहिलं आलं आणि फ्रेडीच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये पुन्हा. पण आमच्या मापाने ते खाली येतं. त्याच्या वाटेने फारसं कुणाला जाताच आलं नाही. त्याच्या चित्रफितीचा प्रभाव मोठा, हे मान्य. पण तो चित्रफितीचा, गाण्याचा नव्हे. पाचगणीचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याचे गुण गाण्याच्या खात्यात जमा करू नयेत.

आमच्या मापालाही एक अट आहे. पुढचा परिणाम मोजायचा, तर मागचं देणंही मोजायला हवं. लेड झेपलिनचं ‘होल लॉटा लव्ह’, १९६९, बहुतेक याद्यांत मानाने बसतं. त्याच्या मागे विली डिक्सनचं गाणं आहे, जे मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलं होतं. डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं. दोन वर्षांनी तडजोड झाली, तेव्हा कुठे श्रेयात त्याचं नाव आलं. नंबराची रचनाच अशी की एका जागेवर एकच नाव बसतं, आणि ज्याच्या खांद्यावर ते उभं आहे तो माणूस दिसेनासा होतो. रॉकमध्ये हा न दिसणारा माणूस पुष्कळदा कृष्णवर्णीय ब्लूज कलावंत असतो. नवखा श्रोता यादी हातात धरूनच ऐकायला सुरुवात करतो. यादीत जे नाही, ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

आमचा पहिला नंबरही कर्जमुक्त नाही. ‘ब्लॅक सबाथ’मागे होल्स्टच्या ‘मार्स’ची छाया आहे, आणि बँड तर ब्लूज वाजवतच मोठा झाला.

तेव्हा यादी खुशाल करा. दहा गाणी लिहा आणि प्रत्येकासमोर दोन रकाने काढा: याच्यामुळे काय शक्य झालं, आणि हे कुणाचं देणं लागतं. दुसरा रकाना कोरा राहिला, तर नंबर लावण्याआधी थोडं मागचं ऐका. मग आमचा पहिला नंबर खोडलात तरी आमची हरकत नाही.