तेरा की पंधरा? ‘कोल मायनर्स डॉटर’ बघताना

लोरेटा लिन या अमेरिकन कंट्री गायिकेवरचा ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९८०) अजून पाहिला नसेल तर जरूर पाहा. केंटकीतल्या बुचर हॉलोमधली खाणकामगाराची मुलगी, आठ भावंडांतली दुसरी. लहान वयात लग्न, मग नवऱ्याने आणून दिलेली स्वस्तातली गिटार. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघते आणि ती घेऊन दोघं गाडीने रेडिओ स्टेशनं पालथी घालतात. सिसी स्पेसेकने गाणी स्वतः गायली आहेत, आणि तिचं ऑस्कर अगदी रास्त आहे.

आता जरा विदा तपासू. चित्रपटात लग्नाच्या वेळी लोरेटा तेरा वर्षांची आहे. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसने जुनी कागदपत्रं शोधली, तर जन्म १९३२ चा निघाला. लग्न जानेवारी १९४८ मध्ये, म्हणजे वय पंधरा. एखादा आकडा चुकला की आम्ही लॅबमध्ये पहिला प्रश्न विचारतो: निष्कर्ष टिकतो का? इथे टिकतो. पंधरा वर्षांची मुलगीही लहानच, आणि विशीपर्यंत पदरात चार मुलं, हेही खरंच.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे, तो निवडीबद्दलचा. यशस्वी माणसाची गोष्ट मागून पुढे सांगितली की प्रत्येक पायरी अटळ वाटते. अशाच खाणवस्त्यांमध्ये लहान वयात लग्न झालेल्या बाकीच्या मुली या नमुन्यात येतच नाहीत. चित्रपट प्रामाणिक आहे, पॅट्सी क्लाइनची मदत, नवऱ्याची धडपड दाखवतो. तरी बघणारा ‘मेहनत केली की होतं’ एवढंच घेऊन उठतो.

दुसरं म्हणजे, रेडिओवाले दार उघडतात ते दिसतं, बंद करतात ते नाही. १९७५ मध्ये तिचं ‘द पिल’ आलं. सतत बाळंतपणांना कंटाळलेली बायको गर्भनिरोधक गोळीबद्दल बोलते, असं ते गाणं. कितीतरी स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. पाच वर्षांनी आलेल्या चित्रपटात ते नाही. कथानक ‘कोल मायनर्स डॉटर’ या १९७० च्या गाण्यावर संपतं, हे मान्य. पण शेवट कुठे करायचा, हीसुद्धा निवडच ना?

गरिबीतून वर आलेली बाई सगळ्यांना आवडते. वर आल्यावर ती काय बोलली, तेही ऐकायला हवं. म्हणून चित्रपट संपला की ते गाणं लावा.