डबीत काय होतं?

आपल्या आत्मकथनांवर प्रस्थापित समीक्षक बोलायला लागला की त्याचे दोनच प्रश्न असतात. हे खरं आहे का? आणि ह्याला साहित्य म्हणायचं का? आपली माणसंही ह्याच दोन प्रश्नांना उत्तरं देत बसली आणि त्यात पंचेचाळीसच्या वर वर्षं गेली. तिसरा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नाही. ह्या पोराला लहानपणी घरात गोष्टी कुठल्या सांगितल्या होत्या? कोणी सांगितल्या? आणि सांगताना काय गाळलं? मला वाटतं, 1978 च्या 'बलुतं'पासून इकडं जे टिकलं ते ह्या प्रश्नाला भिडलं म्हणून टिकलं. बाकीचं नुसतं हालाचं रजिस्टर झालं.

गाळण्याचं उदाहरण देतो. बावन्न हक्कांची गोष्ट आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. बेदरच्या बादशहाची बेगम रानात हरवली. तिला शोधायला अमृतनाक महार निघाला. निघताना त्यानं बादशहाच्या हाती एक बंद डबी दिली. बेगमेला सुखरूप घेऊन आला तर लोकांनी संशय घेतला. मग डबी उघडली, बादशहाची खात्री पटली, आणि अमृतनाकानं बक्षीस म्हणून जातीसाठी बावन्न हक्क मागून घेतले. आमच्या आज्यानं ही गोष्ट शंभरदा सांगितली असंल. पण डबीत काय होतं ते कधी सांगितलं नाही. "पुरावा व्हता," म्हणायचा अन् चिलीम पेटवायचा. मोठेपणी कळलं. अमृतनाकानं जाण्याआधी स्वतःला कापून घेतलं होतं, तेच डबीत होतं.

आता बघा. बाप पोराला अभिमान देतोय, की बाबा आपण हक्कदार आहोत, कुणाच्या दयेवर नाही. आणि त्याच तोंडानं त्या अभिमानाची किंमत लपवतोय. हक्क म्हणजे काय, तर मेलेलं ढोर, सुगीतलं बलुतं, दारोदारची भाकर. त्यासाठी पूर्वजानं आपलं बापपणच कापून दिलं. ही गोष्ट ज्यानं रचली त्याला हे कळत होतं असं मला राहून राहून वाटतं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, पण हलकी गावकामगार वतनं कायद्यानं रद्द व्हायला 1958 साल उजाडलं. सरकार आडवं होतं, गाव आडवं होतं हे आपण सांगतो. आपल्याच ओसरीवरची ही गोष्टही आडवी होती, हे कोण सांगणार? कितीतरी म्हातारी माणसं वतनाला चिकटून होती ती काय नुसत्या भाकरीसाठी?

दुसरी गोष्ट आमच्या तालुक्यातनंच निघाली. राहुरीजवळचं ताहाराबाद हे महिपतीचं गाव. हा 1715 ते 1790 मधला माणूस, वतनानं कुलकर्णी. सांगतात की पूजेत असताना सरकारी बोलावणं आलं, म्हणून त्यानं लेखणीनं पुन्हा सरकारचं काम करायचं नाही असं ठरवलं आणि संतांची चरित्रं लिहिली. कुलकर्ण्याला वतनाचं काम सोडता आलं. त्याच गावच्या महाराला आलं असतं का? असो. त्याच्या 1762 च्या 'भक्तिविजया'त चोखोबाची गोष्ट आहे. चोखोबाच्या घरी देव जेवायला बसलेला. वाढताना बायकोच्या हातून दही पीतांबरावर सांडतं. चोखोबा काहीतरी बोलतो, ते ऐकून एक ब्राह्मण त्याला थोबाडीत मारतो. देवळात जाऊन बघतो तर देवाचा गाल सुजलेला. मारणारा वरमतो.

ही गोष्ट आपल्या आज्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितली. मी तिला खोटी म्हणत नाही. मारलेल्या माणसाला आपलं दुखणं कुणालातरी कळलंय असं वाटणं ही साधी गोष्ट नव्हे. पण पोराच्या कानानं ऐका. सूज देवाच्या गालावर आली की चोख्याच्या गालाचं काय झालं ते कुणी विचारत नाही. महिपतीनं प्रेमानंच लिहिलं, पण दुखणं चोख्याच्या अंगावरनं काढून देवाच्या अंगावर ठेवलं. आईनं पोराला मलम दिलं आणि पोराचा प्रश्न झाकला गेला.

1956 नंतर आपल्या घरातले देव गेले, तशा गोष्टीही बदलल्या. गोरेगावची गोष्ट घ्या. 1901 सालची. रामजीबाबा खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. भीमराव, भाऊ आणि बहिणीचा मुलगा असे नटूनथटून मसूर स्टेशनावर उतरले. बापाला निरोप पोचलेला नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, ती पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. जवळ जेवण आहे पण पाणी नाही. कुणी देईना. हिच्यात देव येत नाही, गाल सुजत नाही. तहानलेली पोरं तहानलेलीच राहतात. मराठी घरात पोरांना सांगायच्या गोष्टीत एवढी मोठी क्रांती दुसरी झाली नाही असं माझं मत आहे.

पण आपण आता हिचीही डबी करायला लागलोत. जयंतीच्या भाषणात ह्या गोष्टीतला भीमराव न घाबरणारा असतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की ती पोरं भ्यालेली होती. अंगावर सोनं होतं, गाडीवान मारून टाकील असं वाटत होतं. बाबासाहेबांनी जे लपवलं नाही ते आपण का लपवावं?

आता पुस्तकांकडं येतो. दया पवारांनी 'बलुतं'त स्वतःचे दोन भाग केले. दगडू मारुती पवार सांगतो, दया पवार ऐकतो. समीक्षकांनी ह्याला तंत्र म्हटलं. मला त्यात घरातली जुनी बैठक दिसते, फक्त बाप उठून गेलाय आणि पोरालाच दोन्ही जागी बसावं लागलंय. धामणगाव आमच्याच नगर जिल्ह्यातलं, अकोले तालुक्यातलं. पुस्तक आलं तेव्हा आपल्यातलेच शिकलेले लोक चिडले, घरची अब्रू वेशीवर टांगली म्हणून. बापाची दारू सांगितली ना! पण त्या बापाचा द्वेष करावा असं एक पानही वाचताना वाटत नाही. डबी उघडूनही बापाला टाकलं नाही, ही दया पवारांची ताकद.

बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तक झालं. त्यात बाप दिलदार, दुसऱ्यासाठी जीव टाकणारा; आणि तोच बाप इभ्रतीपायी आईला पिंजऱ्यातल्या पाखरासारखी घरात कोंडतो. दोन्ही गोष्टी एकाच बापाच्या. आणि हे लिहिणारी बाई आपलं लिखाण नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवत होती. म्हणजे आईचं कोंडणं लिहिणारी लेक स्वतः लपून लिहीत होती. ह्याच्यावर आपल्या पुरुष समीक्षकांनी किती पानं खर्च केली?

ह्या पानांसाठी येणारी हस्तलिखितं मी वाचतो. दहातल्या आठांत आई म्हणजे माउली. फाटकं लुगडं, उपास, डोळ्यांत पाणी, पोराला शिकवणारी. तिला राग नाही, खोटं बोलणं नाही, पोराला मारणं नाही. दोस्तहो, ही आपली आई नव्हे. ही 1935 ची 'श्यामची आई', ठिगळाचं लुगडं नेसून आलेली. साने गुरुजींचं मन मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. त्या पुस्तकात मोळीवाली म्हातारी महारीण आहे, आई श्यामला तिची मोळी उचलून द्यायला लावते. पण मोळी घेऊन ती म्हातारी कुठं गेली, तिच्या घरी कोण होतं, रात्री तिनं नातवाला काय सांगितलं, ते तिथं नाही. ते लिहायचं काम आपलं होतं. आपण मात्र श्यामच्या आईचीच नक्कल करत बसलो.

आणि राहुरीत आज काय आहे? कारखान्यामुळं, कृषी विद्यापीठामुळं, शाळा-कॉलेजांमुळं आपली चार घरं पगारावर आली. ब्लॉक झाले, पोरं इंग्रजी शाळेत गेली. ह्या घरांत आता गोष्टच सांगत नाहीत. "कशाला पोरांना ते जुनं सांगायचं?" असं आई म्हणते, बाप मान हलवतो. भिंतीवर फोटो आहे, कपाटात खंड आहेत, पण आपला आजा काय करायचा ते नातवाला ठाऊक नाही. ते त्याला कळतंच शेवटी. हॉस्टेलवर कुणीतरी आडनाव विचारतो तेव्हा. आज्यानं निदान डबी तरी हातात दिली होती.

नरेंद्र जाधवांच्या 1993 च्या 'आमचा बाप आन् आम्ही'त मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बापाच्या तोंडचा भाग. ओझरहून मुंबईला गेलेला हा कामगार माणूस, मुलानं मागं लागून त्याला लिहायला बसवलं. म्हणजे विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात. तुमच्या घरी कोणी असंल तर विचारा, लिहून घ्या, आमच्याकडं पाठवा. अक्षर कसंही चालंल. त्यांनी 'व्हता' म्हटलं असंल तर 'व्हता'च लिहा, आम्ही त्याचं 'होता' करणार नाही.