कारण न सांगणारा टीकाकार

गोडादरा-लिंबायतच्या वस्तीला जॅकार्डचा माग नवा नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर नक्षी ठरवावी आणि मागाने ती निमूटपणे विणावी, ही युक्ती फ्रान्समधील जोसेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. पुढे चार्ल्स बॅबेजने ती आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. आज ज्याला अल्गोरिदम म्हणतात तोही असाच आज्ञांचा ठरलेला क्रम होय. परंतु कापडावरची नक्षी विणकराला दिसते. मोबाईलच्या पडद्यामागे आमच्या आवडीनिवडीची कोणती नक्षी विणली जात आहे, ते आम्हांस दिसत नाही.

साहित्याच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे. यूट्यूबवर पाहण्यात जाणाऱ्या वेळापैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ यंत्राने सुचवलेल्या चित्रफितींवर जातो, असे त्या कंपनीनेच २०१८ मध्ये सांगितले होते. म्हणजे आमच्या नातवंडांची रुची घडवणारा मोठा टीकाकार आज हे यंत्र आहे. टीकाकाराने निवड करावी, हे योग्यच. मात्र निवडीची कारणे द्यावीत आणि त्यांवरचा वाद झेलावा, हे त्याचे पहिले कर्तव्य. हा टीकाकार कारण देत नाही. काल काय पाहिले, कोठे किती वेळ रेंगाळलात, हे तो मोजतो आणि त्याच जातीचे आणखी पुढ्यात वाढतो.

येथे खानदेशच्या बहिणाबाई चौधरींचे स्मरण होते. १८८० मध्ये असोदे येथे जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची गाणी कोणी मागितली नव्हती. घरच्या माणसांनी ती टिपून ठेवली, कवी असलेल्या मुलाने, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूप झाली. अत्र्यांची निवड त्यांच्या नावानिशी होती. मागणी मोजणाऱ्या यंत्राला ही गाणी सापडती ना. कारण त्यांना तोवर मागणीच नव्हती. आज ती मोबाईलवर क्षणात मिळतात हे खरे, पण ज्याला बहिणाबाईंचे नाव ठाऊक आहे त्याला.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने, वापरणाऱ्याच्या सवयींवर न बेतलेला पर्यायही ठेवावा, असे बंधन मोठ्या कंपन्यांवर घातले. अशी मुभा सर्वत्र हवी. परंतु त्या मोकळ्या झालेल्या जागेत काय ठेवावे, हे कायदा सांगू शकत नाही. ते काम घरातील वडीलधाऱ्यांचे आणि आमच्यासारख्या मंडळांचे आहे. मूल आपण होऊन मागणार नाही असे एखादे मराठी पुस्तक त्याच्या हाती द्यावे, ते का दिले हे सांगावे, आणि त्याला ते आवडले नाही तर त्याचेही कारण ऐकून घ्यावे. रुची अशा बोलण्यातून घडते. हे बोलणे आमच्या घरांतून थांबले, तर दोष केवळ यंत्राला देता येणार नाही.