गाल्टन यांचे गणित आणि अंगुलिमुद्रेचा पुरावा

सर फ्रान्सिस गाल्टन यांच्या ‘फिंगर प्रिंट्स’ (१८९२) या ग्रंथाने अंगुलिमुद्राशास्त्राला संख्याशास्त्रीय अधिष्ठान दिले. विल्यम हर्शेल यांनी बंगालमध्ये घेतलेल्या ठशांच्या आधारे ठशांतील रेषा दीर्घकाळ बदलत नाहीत, हे त्यात दाखविले आहे. ग्रंथाचा हा भाग आजही अबाधित आहे.

संभाव्यतेच्या गणिताविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. गाल्टन यांनी ठशाचे २४ चौकोन कल्पिले, प्रत्येकाची शक्यता निम्मी मानली आणि आणखी दोन घटक जमेस धरून सुमारे ६,४०० कोटींत एक हे प्रमाण काढले. (दोनाचा छत्तिसावा घात वस्तुतः ६,८७१ कोटी भरतो.) हा ‘निम्मेपणा’ लोकसंख्येतील ठशांच्या गणनेतून आलेला नाही, झाकलेल्या रेषा अंदाजाने पूर्ण करण्याच्या त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांतून तो आला आहे.

खरी उणीव याहून निराळी आहे. हे गणित पूर्ण, सुस्पष्ट ठशांचे आहे. न्यायालयापुढे येतो तो बहुधा अर्धवट, पुसट ठसा आणि त्याविषयीचे तज्ज्ञाचे मत. दोन बोटे भिन्न असूनही तज्ज्ञ चुकू शकतो. २००४ मधील माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरील ठसा एफबीआयने ओरेगॉनमधील एका वकिलाचा ठरविला व त्याला सुमारे दोन आठवडे स्थानबद्ध ठेवले. स्पॅनिश पोलिसांना तो ठसा एका अल्जीरियन नागरिकाचा आढळला. गाल्टन यांच्या अपूर्णांकात या चुकीला जागाच नाही.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ नुसार असे तज्ज्ञमत सुसंगत ठरते; त्यासोबत चुकीचे प्रमाण सांगण्याची अट मात्र त्या कलमात नाही.